पेशीगत जंतूंचे पोषण : उपासमार म्हणजे नाश नव्हे

काही जीवाणू सजीव पेशीच्या आश्रयाखेरीज वाढू शकत नाहीत. क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस हा त्यांपैकी एक होय. खुपऱ्या हा नेत्ररोग व जननमार्गाचा संसर्ग त्याच्याच निरनिराळ्या प्रकारांमुळे होतात. साध्या आगारवर तो वाढत नसल्याने प्रयोगशाळेत मॅकॉय किंवा हेला पेशींच्या संवर्धनात वाढवितात. त्यात सायक्लोहेक्झिमाइड मिसळल्यास पेशीची स्वतःची प्रथिननिर्मिती थांबते व अमिनो आम्ले जंतूच्या वाट्यास येतात.

याउलट, मानवी पेशींना इंटरफेरॉन-गॅमा दिल्यास त्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचे विघटन करतात. आहार तुटलेला जंतू मात्र बहुधा मरत नाही. तो आकाराने फुगतो, त्याचे विभाजन थांबते व संसर्गक्षम कण तयार होत नाहीत. पुढे ट्रिप्टोफॅन मिळताच वाढ पुन्हा सुरू होते. डेफेरॉक्सामिनने लोह बांधून टाकले असताही अशीच सुप्तावस्था आढळते. जननमार्गातील प्रकार तर इंडोलपासून ट्रिप्टोफॅन तयार करू शकतात. नेत्रातील प्रकारांत ही क्षमता नाही.

यावरून लंघनाने किंवा विशिष्ट आहार वर्ज्य केल्याने हा जंतू नष्ट होईल, असा निष्कर्ष कोणी काढू नये. लंघनाचा शास्त्रोक्त विचार आम व अग्नी यांच्या संदर्भात आहे. शिवाय संवर्धनपात्रातील ट्रिप्टोफॅनची मात्रा आपण ठरवितो, रुग्णाच्या ऊतींतील नव्हे. उंदराच्या पेशींत तर इंटरफेरॉनचे कार्य मुख्यतः अन्य मार्गाने होते. मग पात्रावरून पथ्य कसे ठरवावे?

व्यवहारात मात्र यातून एक बोध घ्यावा. लक्षणे शमली म्हणजे जंतू गेला, असे समजू नये. स्त्रियांमध्ये हा संसर्ग पुष्कळदा लक्षणांविना राहतो आणि बीजवाहिन्यांना इजा होऊन वंध्यत्व येऊ शकते. म्हणून श्वेतप्रदर किंवा ओटीपोटातील वेदना वारंवार उद्भवत असल्यास आम्ही वैद्यांना सुचवितो की, केवळ स्तंभक चिकित्सेवर न थांबता नॅट तपासणी करवून घ्यावी व जोडीदाराचीही तपासणी आणि उपचार व्हावेत. औषधालयचालकांनी चिठ्ठीवाचून प्रतिजैविके देऊ नयेत आणि चिठ्ठी असल्यास अर्धवट मात्राही देऊ नये.

दबलेला शत्रू हा जिंकलेला शत्रू नव्हे, एवढे ध्यानी ठेवले तरी पुरे.