मत्स्यटाकीची मधली पट्टी बदलताना

काचेच्या मत्स्यटाक्या बनविणाऱ्या कारागिराकडे दुरुस्तीचेही बरेच काम येते. त्यात टाकीच्या वर मधोमध आडवी चिकटविलेली पट्टी हे काम दिसायला अगदी किरकोळ. ग्राहक म्हणतो, "पट्टीला तडा गेलाय, काढून टाका." किंवा, "दिव्याच्या आड येते, अर्धी कापा." नवशिका कारागीर पाच मिनिटांचे काम म्हणून होकार देतो आणि येथेच फसतो.

जरा हिशेब करून पाहू. टाकी 120 सेंमी लांब, 45 रुंद व 45 उंच धरा. काठोकाठ भरल्यास तीत 243 लिटर पाणी मावते. पाण्याचा दाब टाकीच्या रुंदीवर नव्हे, पाण्याच्या उंचीवर ठरतो. तळाशी तो दर चौरस सेंमीला 45 ग्रॅम असतो, वर शून्य. म्हणजे समोरच्या संपूर्ण काचेवर सुमारे 121 किलोचा रेटा येतो. या काचेची खालची कड आणि दोन्ही टोके चिकटविलेली असतात. वरची कड मात्र मोकळी. म्हणून काचेला पोट येते ते तिथेच, मध्यभागी. समोरची व मागची काच एकमेकींना धरून ठेवणे, हे पट्टीचे काम.

पट्टी काढल्याबरोबर टाकी फुटेलच असे नाही. कधी कधी महिनोन् महिने काही होत नाही. पण सांध्यांचे सिलिकॉन सतत ताणले जात असते. एखाद्या रात्री सांधा सुटला आणि खालच्या घराचे छत गळू लागले, तर ग्राहक कोणाचे नाव घेईल ते सांगायला नको.

तुटलेली पट्टी दिसताच प्रथम हीटर व फिल्टर बंद करावेत. हीटर पाण्याबाहेर तापला तर तडकतो. मग पाणी निम्म्यावर आणावे. पाणी निम्मे झाले की रेटा निम्मा नव्हे, चौथाई होतो. वरच्या हिशेबाने सुमारे 30 किलो. एवढ्याने धोका बराच टळतो. मात्र भरलेली टाकी क्लॅम्पने आवळून पोट बसविण्याचा उद्योग कोणीही करू नये.

नंतर मासे टाकीतल्याच पाण्यात, हवेच्या पंपासह वेगळे ठेवावेत आणि टाकी पूर्ण रिकामी करावी. आता माप घ्यावे. टाकीची आतली रुंदी दोन्ही टोकांना व मध्यभागी मोजावी. रिकाम्या टाकीतही मध्ये फरक राहिला, तर सांधे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. नवी पट्टी टोकाच्या मापाने, सिलिकॉनसाठी दोन्ही बाजूंना एक-दीड मिमी सोडून कापावी. काच टाकीच्या काचेइतकी तरी जाड असावी व कडा घासून घ्याव्यात. वायरसाठी पट्टीत खाच किंवा भोक पाडू नये. तडा तिथूनच सुरू होतो. ॲक्रिलिकची पट्टीही नको, सिलिकॉन तिला नीट धरत नाही.

बहुतेक दुरुस्त्या बिघडतात त्या साफसफाईत. नवे सिलिकॉन जुन्या सिलिकॉनवर पक्के बसत नाही. म्हणून जुना थर ब्लेडने पूर्ण खरवडून ती जागा ॲसिटोनने पुसावी. सिलिकॉन मत्स्यटाकीला चालणारेच घ्यावे. न्हाणीघरासाठी मिळणाऱ्या बुरशीरोधक सिलिकॉनमुळे मासे मरू शकतात. लावल्यावर वरचा थर लवकर सुकतो, आतला दिवसाला दोन-तीन मिमीच्या हिशेबाने. ग्राहकाने कितीही घाई केली तरी आठवडाभर थांबावे. मग पाणी एक तृतीयांश भरून एक दिवस थांबावे, पुन्हा तेवढेच भरावे, आणि प्रत्येक वेळी वरच्या कडेला दोरा ताणून पोट पाहावे.

दिव्याची अडचण असेल तर एका पट्टीऐवजी तेवढ्याच रुंदीच्या दोन पट्ट्या 40-40 सेंमीवर बसवाव्यात. मधली जागा मोकळी मिळते. पट्टी मुळीच नको असेल, तर या मापाला 12 मिमी काचेची नवी टाकी लागते. तिचा भाव ग्राहकाला सांगावा. जुन्या टाकीची पट्टी तशीच कापून देऊ नये.