पानथरी काढल्यानंतरचा ताप

मुलाला सिस्टिक फायब्रोसिस आहे म्हटलं, की इकडे आधी टीबीच वाटतो, कारण खोकला तसाच. पण आमच्या मुलाचं दुखणं यकृतात गेलं. या आजारात पित्त घट्ट होऊन बारीक नळ्या तुंबतात, यकृत कडक होतं आणि तुंबलेल्या रक्ताचा दाब पानथरीवर येतो. त्याची पानथरी बेंबीपर्यंत आली होती. दोन घासांत पोट भरायचं आणि प्लेटलेट घसरत चालल्या होत्या. आमच्याकडे खोपोलीत कुणी हिवतापाचा काढा सुचवला, कुणी देवऋषी.

मुंबईत पानथरी काढायचं ठरलं. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी सर्जनना स्पष्ट विचारावं: नुसती काढणार की तुंबलेल्या रक्ताला दुसरी वाट देणारा शंट करणार? थोडी ठेवता येईल का? पुढे यकृत बदलायची वेळ आली तर यामुळे अडेल का? कारण पानथरी गेली तरी यकृत तसंच राहतं, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांची दुर्बिणीने तपासणी सुटत नाही. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिबच्या लसी ऑपरेशनच्या निदान 2 आठवडे आधी व्हाव्यात. फिजिओथेरपीही आधीच सुरू करा. टाके ओढतात म्हणून पोरगं खोकत नाही आणि कफ छातीत साठतो. आमचा पोटाशी उशी घट्ट धरून खोकायचा, घामाघूम व्हायचा, मी पाठ थोपटत बसायचे.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. संध्याकाळी हुडहुडी भरली, ताप चढला. जवळच्या दवाखान्यात पॅरासिटामॉल देऊन, "व्हायरल आहे, सकाळी बघू," असं सांगितलं. मी फाइल पुढे केली, ती उघडलीही नाही. घरी ठेवायला सांगितलेला अँटिबायोटिकचा डोस दिला आणि लोकलची वाट न बघता गाडी करून पनवेल गाठलं. तोवर रक्तदाब उतरला होता. रक्तात न्यूमोकोकस निघाला. सकाळपर्यंत थांबलो असतो तर काय झालं असतं, ते तिथल्या डॉक्टरांनीच सांगितलं. इथे लिहीत नाही.

पानथरी काढलेल्याचा ताप तासांच्या हिशेबाने बघावा लागतो. मलेरियाही अशा माणसाला जास्त बाधतो, म्हणून मच्छरदाणी हवीच. कुत्रा चावला तर रेबीजच्या लसीसोबत अँटिबायोटिकचंही विचारा. आणि ज्यांची मोठी पानथरी अजून पोटात आहे, त्या मुलांना कबड्डी, सायकलच्या कसरती नकोत. अंग दुखलं म्हणून आयब्युप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. मेडिकलवाला मागितलं की देतो.