गोड्या पाण्यातल्या माशांना समुद्री मासळीचा खाऊ

प्रश्न : समुद्रातून पकडलेली छोटी मासळी घरच्या टाकीतल्या ऑस्कर, अरोवाना अशा माशांना घालावी का?

उत्तर : समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, पण हाडे असलेल्या समुद्री माशांच्या अंगातला खारटपणा त्याच्या साधारण एक तृतीयांशच असतो. त्यामुळे मासळी गोड्या पाण्यात नीट धुतली की मिठाची चिंता उरत नाही. समुद्री माशांच्या त्वचेवरचे बहुतेक परजीवी गोड्या पाण्यात जगत नाहीत. या बाबतीत ती तलावातल्या जिवंत माशांपेक्षा सुरक्षितच. मात्र जिवंत समुद्री मासा टाकीत कधीही सोडू नये. तो तडफडून मरतो आणि पाणी नासवतो.

खरा धोका वेगळाच आहे. मांदेलीच्या कुळातल्या आणि तारलीसारख्या अनेक माशांत थायमिनेज हे विकर असते. ते ब-1 जीवनसत्त्व नष्ट करते. असा खाऊ महिनोन्‌महिने रोज दिल्यास मासे खाणे सोडतात, तोल जाऊन वेडेवाकडे पोहू लागतात. गोठवल्याने हे विकर जात नाही, शिजवल्याने जाते. गोठवण्याचा उपयोग आतल्या कृमींपुरता: उणे 20 अंशांवर 7 दिवस. जिवाणू मात्र त्यानेही मरत नाहीत, म्हणून मासळी ताजीच हवी.

तेलकट बांगड्याने पाण्यावर तवंग येतो. खारवलेली सुकी मासळी तर वर्ज्यच.

काटे काढून, तोंडात मावतील एवढे तुकडे आठवड्यातून एक-दोनदा द्यावेत; एरवी गोळीखाद्य. उरलेला तुकडा लगेच बाहेर काढावा, नाहीतर अमोनिया वाढतो.