तयार कपाटाचे दार घासते तेव्हा रंधा नको, पेचकस घ्या

सुटे भाग खोक्यात भरून विकायचे आणि गिऱ्हाइकाच्या घरी जोडायचे, असे फर्निचर आता आपल्याकडे चांगलेच रुळले आहे. स्वीडनच्या आयकिया कंपनीने 2018 साली हैदराबादला आणि 2020 साली नवी मुंबईत दुकान उघडले. पण त्याच्या कितीतरी आधीपासून आपले व्यापारी बांधव पार्टिकल बोर्डाची कपाटे विकत आले आहेत. सुतारकाम करणारे आमचे बरेच बांधव या मालावर नाराज आहेत. या खोक्यांनी आमच्या पोटावर पाय दिला, असे ते म्हणतात. तक्रार अगदीच खोटी नाही. मात्र त्याच कपाटाचे दार काही महिन्यांत घासू लागले की गिऱ्हाईक सुतारालाच शोधत येते. तिथे जो नीट काम करील, त्याला त्या इमारतीतली पुढची कामेही मिळतात. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

जुन्या वळणाचा मिस्त्री दार घासते म्हटल्यावर रंधा काढतो. सागवानी दाराला ते चालून जाते. तिथेही आम्ही म्हणू की भर पावसाळ्यात रंधा मारू नये, कारण लाकूड थंडीत आकसते आणि मग फट दिसते. पार्टिकल बोर्डाला मात्र रंधा म्हणजे नुकसानच. कडेची पट्टी एकदा निघाली की आतला भुसा उघडा पडतो, हवेतली ओल पितो, फुगतो, आणि फुगलेला बोर्ड पुन्हा बसत नाही. गिऱ्हाईक दोन महिन्यांनी दार दाखवायला बोलावते, तेव्हा आपल्याकडे उत्तर नसते.

आधी दार कुठे घासते ते पाहावे. दार आणि चौकट यांच्यात पोस्टकार्डाचा तुकडा फिरवला की तो जिथे अडकतो ती जागा कळते. लगेच बिजागरीला हात लावू नये. पुष्कळदा दोष दारात नसून फरशीत असतो. एक पाय खाली बसला की सगळे खोके तिरके होते आणि दारे एकमेकांवर चढतात. लेव्हल लावून पाहावी; समोरच्या एकेका पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून फट सरळ होते का ते बघावे. झाली, तर पायाचा स्क्रू फिरवून किंवा पक्की पाचर देऊन काम तिथेच संपते. त्यानंतर टेपने दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे नसतील तर खोके गुण्यात नाही. अशा कपाटाला काटकोनात धरून ठेवते ती मागची पातळ शीट. ती सुटली असेल तर लांब कर्णाचे कोपरे दाबून खोके सरळ करावे आणि शीट पुन्हा ठोकावी. जोडाचे सगळे स्क्रूही याच वेळी आवळून घ्यावेत.

आता बिजागरी. या दारांना बहुतेक वेळा 35 मिमीच्या वाटीची बिजागरी असते, आपले कारागीर तिला ऑटो हिंज म्हणतात. आखातात काम करून आलेल्यांना ती चांगली ठाऊक आहे. दाराजवळचा स्क्रू दार डावी-उजवीकडे सरकवतो, मागचा स्क्रू आत-बाहेर. वर-खाली करायचे असेल तर पट्टीचे दोन स्क्रू सैल करून सरकवावी लागते. प्रत्येक दिशेला जेमतेम 2 मिमी जागा असते, पण तेवढी पुरते. मोकळ्या बाजूचा कोपरा खाली लोंबून घासत असेल, तर वरच्या बिजागरीने दार बिजागरीच्या बाजूला ओढावे आणि खालच्या बिजागरीने थोडे बाहेर ढकलावे. एका वेळी अर्धा फेरा, मग दार मिटून पाहणे, मग पुढचा अर्धा. इथे घाई करणारा एकाच दारावर तासभर घालवतो. या स्क्रूंना बहुधा पीझेड 2 टोकाचा पेचकस लागतो. साध्या स्टारने माथा घासला की पुढे सगळाच खोळंबा.

दार सारखेच लोंबत असेल तर बिजागऱ्या मोजाव्यात. साधारण 90 सेंटिमीटर उंचीपर्यंत दोन, 160 पर्यंत तीन, 200 पर्यंत चार. जाड आरसा लावलेल्या दाराला एक जास्तच.

स्क्रूचे भोक पोकळ झाले असेल तर आगपेटीच्या काड्या कोंबून वेळ मारून नेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती टिकत नाही. तिथे 8 मिमीचे भोक 12 मिमी खोल पाडावे. पात्याला टेप गुंडाळून खूण करावी, नाहीतर 16 मिमीच्या बोर्डातून पलीकडे निघते. फेव्हिकॉल लावून लाकडी खुंटी बसवावी, रात्रभर सुकू द्यावी. दुसऱ्या दिवशी 2.5 मिमीचे भोक घेऊन 3.5 मिमीचा स्क्रू हाताने आवळावा. ड्रिल मशिनने आवळला तर भोक पुन्हा खाल्ले जाते. म्हणजे या कामाला दोन फेऱ्या लागतात. पैसे दोन फेऱ्यांचेच सांगावेत, पण काम सुरू करण्याआधी.

बोर्ड फुगलाच असेल तर स्पष्ट सांगावे की हे दार बदलावे लागेल. सिंकखालचे गळते नळ आणि फरशी पुसताना लागणारे पाणी ही त्याची नेहमीची कारणे. ती दूर न करता नवे दार बसवणे फुकट. मालातला ऐब लपवून विकणे शरियतने मना केले आहे, ते मजुरीलाही लागू आहे असे आम्ही मानतो. विक्रेत्या बांधवांनीही कपाट पोहोचवताना फरशी सपाट आहे का ते विचारावे आणि महिन्याभराने एक फेरी फुकट ठेवावी. उंच कपाट भिंतीला अडकवल्याशिवाय कारागिराने घर सोडू नये. दोन्ही दारे उघडून मूल त्याला लोंबकळले तर ते अंगावर येते. यासाठी लागणारी लोखंडी पट्टी आणि रावळ प्लग स्वस्त मिळतात, पिशवीत कायम असावेत.