नवा कॅमेरा : आधी निदान, मग उपचार

आपल्या मंडळातील अनेक डॉक्टरांना छायाचित्रणाचा छंद आहे. ‘मिररलेस कॅमेऱ्याची नवी आवृत्ती घ्यावी काय?’ हा प्रश्न त्यांच्यात वरचेवर निघतो. बालरोगचिकित्सेत आपण एक नियम पाळतो : ज्या तपासणीने उपचारात बदल होणार नाही, ती बाळावर लादू नये. हाच नियम येथेही लावावा, असे मला वाटते. ज्या खर्चाने छायाचित्रात फरक पडणार नाही, तो टाळावा.

माझ्याजवळ २०१८ साली बाजारात आलेला सोनी ए-सेव्हन-थ्री आहे. त्याची पुढील आवृत्ती, ए-सेव्हन-फोर, २०२१ साली आली. २४ मेगापिक्सेलचे ३३ झाले, ही वाढ मोठी भासते. परंतु चित्राच्या रुंदीत ६००० ऐवजी ७००८ बिंदू, म्हणजे जेमतेम १७ टक्के वाढ होते. दर इंचास ३०० बिंदू धरले तरी जुन्या कॅमेऱ्यातून २० इंच रुंद छपाई निघते. सलग छायाचित्रणाचा कमाल वेग दोहोंत सेकंदाला १० असाच आहे. माझ्या दृष्टीने महत्त्वाचा फरक एकच : नवा कॅमेरा पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरतो. जुन्यात ही सोय माणसांपुरती होती. २०१९ साली ती प्राण्यांसाठीही मिळाली, पक्ष्यांसाठी नाही.

आता निदान. इंदूरचा सिरपूर तलाव २०२२ साली रामसर यादीत समाविष्ट झाला. तेथे गेल्या हिवाळ्यात काढलेल्या छायाचित्रांपैकी फसलेली मी तीन गटांत विभागली.

पहिला गट : उडता पक्षी पुसट. कारण, शटरचा वेग अपुरा. आयएसओ वाढवून वेग सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापर्यंत न्यावा. हा उपचार विनामूल्य आहे.

दुसरा गट : पक्षी फार लहान. कारण, अंतर. येथे लांब पल्ल्याची लेन्स किंवा संयम उपयोगी पडतो. १७ टक्क्यांनी विशेष काही साधत नाही.

तिसरा गट : वेग पुरेसा, अंतर योग्य, तरीही फोकस खंड्याऐवजी पुढच्या बाभळीच्या फांदीवर. नव्या कॅमेऱ्याने आराम पडेल तो या गटाला.

माझ्याकडे पहिले दोन गट मोठे निघाले. तिसऱ्यात मोजकीच छायाचित्रे होती. म्हणून मी कॅमेरा बदलणार नाही. ज्यांचा तिसरा गट मोठा असेल, त्यांनी अवश्य बदलावा. तथापि, त्यापूर्वी नवा कॅमेरा एक दिवस भाड्याने आणून, आपलीच लेन्स लावून, त्याच जागी त्याच वेळी वापरून पाहावा.

माझ्या दुसऱ्या गटावरील औषध वेळ हेच आहे. येत्या हिवाळ्यात महिन्यातील दोन रविवारी सकाळी तातडीचे रुग्ण पाहण्याचे एका सहकाऱ्याने मान्य केले आहे. त्यांचे दोन रविवार मी सांभाळणार आहे.