गोचीड काय घेऊन हिंडते?

वरवंडच्या एका गोठ्यात आम्ही बसलो होतो. संध्याकाळची धार काढून झाली होती. घरच्या मामी गाईच्या कानामागच्या गोचिडी काढीत होत्या. एकेक गोचीड ओढायची, दगडावर ठेवायची आणि अंगठ्याच्या नखाने चिरडायची. त्यांची बोटे रक्ताने लाल झाली होती.

आम्ही म्हणालो, "मामी, हाताने चिरडू नका. तिच्या पोटात रोगाचे जंतू असू शकतात."

मामी हसल्या. "असतील बी. पण दिसायला तर समद्या सारख्याच. कुणात रोग हाय अन् कुणात न्हाई, हे तुम्हांला कळतं तरी कसं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. या धड्यात आपण त्याचेच उत्तर पाहू.

दिसणारा जंतू

संकरित गाईला कधी कधी जोराचा ताप येतो. गळ्याच्या, खांद्याच्या गाठी सुजतात. दूध आटते. याला आपण गोचीडताप म्हणतो. जनावरांचे डॉक्टर गाईच्या कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त घेतात. ते काचेच्या पट्टीवर पातळ पसरतात, रंग देतात आणि सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहतात. रक्ताच्या तांबड्या पेशींत बारीक ठिपके, बारीक कडी दिसली की रोग ओळखला. हा जंतू गोचिडीच्या चाव्यातून गाईच्या अंगात आलेला असतो.

पण सगळेच जंतू असे दिसत नाहीत. काही इतके सूक्ष्म असतात, की या यंत्रालाही सापडत नाहीत. त्यांना विषाणू म्हणतात. त्यांचा शोध कसा लागतो, याची एक खरी हकिगत आहे.

क्यासनूरचे जंगल

1957 सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट. त्या वेळच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर नावाचे जंगल आहे. तेथे वानरे आणि माकडे मरून पडू लागली. जवळच्या गावांतली माणसेही तापाने फणफणली. प्रथम पीतज्वराची शंका आली. पुण्यास 1952 साली विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले होते. तेथील शास्त्रज्ञ जंगलात गेले. मेलेल्या माकडांत त्यांना एक नवाच विषाणू सापडला. पुढे तो तिथल्या गोचिडींतही सापडला. पीतज्वर डासामुळे होतो. हा रोग गोचिडीमुळे होत होता. लोक त्याला माकडताप म्हणू लागले.

गोचीड धरायची कशी?

जनावरावरची गोचीड हाताला लागते. रानातली गोचीड पालापाचोळ्यात दडून असते. तिची पिले तर खसखशीएवढी असतात. म्हणून फलालीनचे पांढरे कापड जमिनीवरून हळूहळू ओढत नेतात. जनावर आले असे समजून गोचिडी कापडाला चिकटतात. चिमट्याने त्या काढून बाटलीत घालतात. बाटलीवर जागा आणि तारीख लिहितात. ती थंड ठेवून प्रयोगशाळेत पोचवतात.

तेथे एका जातीच्या, एका वयाच्या गोचिडींचे गट करतात. एकेक गट वाटून त्याचा रस काढतात. पूर्वी हा रस उंदराच्या तान्ह्या पिलांना टोचीत. पिले आजारी पडली, तर विषाणू आहे असा संशय घेऊन पुढची तपासणी होई. हे काम धोक्याचे होते. प्रयोगशाळेतल्या काही माणसांनाही हा ताप झाला.

आज दुसरी रीत आहे. प्रत्येक विषाणूच्या आत त्याची स्वतःची खूण असते. जणू ठरावीक अक्षरांनी लिहिलेला एक शब्दच. यंत्र त्या शब्दाच्या असंख्य नकला काढते. मग तो ओळखता येतो. आपण पाटीवरचा शब्द अक्षरांवरून ओळखतो, तसेच हे आहे. एका गटात विषाणू सापडला, म्हणजे त्यातल्या निदान एका गोचिडीत तो होता. सगळ्यांत असेलच असे नाही.

याचा उपयोग काय?

रोगी माकडाचे रक्त पिऊन गोचिडीचे पिलू खाली पडते. कात टाकून मोठे होते. विषाणू त्याच्या अंगात तसाच राहतो, आणि पुढच्या चाव्यात माणसाला मिळतो. माकड मेले, की त्याच्या अंगावरच्या गोचिडी त्या जागी विखुरतात. ती जागा वेळीच कळली, तर गावाला सावध करता येते.

हा रोग पुढे आपल्याकडेही आला. 2015 साली गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि 2016 साली सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात माणसे आजारी पडली. ती बहुतेक काजूच्या बागांत आणि रानात राबणारी माणसे. शंभर रोग्यांपैकी साधारण 3 ते 5 दगावतात. या रोगावर नेमके औषध नाही. म्हणून आधी कळणे हेच मोठे.

मामींना उत्तर

वरवंड कोरड्या मुलखात आहे. माकडतापाचे रान सह्याद्रीच्या दाट जंगलात. मग मामींना भीती कशाची? ऐका. जानेवारी 2011 मध्ये गुजरातेत, अहमदाबाद जिल्ह्यात एक बाई तापाने वारली. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिका, दोघेही गेले. नमुने पुण्यास आले आणि रोग ओळखला गेला. त्याला क्रिमियन-काँगो ताप म्हणतात. तो गुरांवरच्या एका जातीच्या गोचिडीमुळे होतो. ती चावल्याने होतो, तसा हाताने चिरडल्यानेही होतो. जनावराच्या रक्तातूनही होतो.

आम्ही मामींना एवढेच सांगितले, "मामी, डोळ्यांना कळत नाही. प्रयोगशाळेत कळतं. म्हणून प्रत्येक गोचीड रोगी आहे असं समजूनच वागायचं." मामींनी हात साबणाने धुतले. दुसऱ्या दिवशी त्यांनी चिमटा मागवला.

लक्षात ठेवा

1. गोचीड हाताने चिरडू नका. चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा. मग साबणाच्या पाण्यात टाका.
2. रानात जाताना अंगभर कपडे घाला. परत आल्यावर अंग तपासा, आंघोळ करा, कपडे धुवा.
3. मेलेल्या माकडाला हात लावू नका. आरोग्य केंद्रात किंवा वनखात्याला कळवा.
4. ताप आला, तर रानात गेल्याचे किंवा गोचीड चावल्याचे डॉक्टरांना आपण होऊन सांगा.

प्रश्न

1. गाईचा गोचीडताप कसा ओळखतात?
2. रानातल्या गोचिडी कापडाला का चिकटतात?
3. तुमच्या घरी गोचिडी कोण काढते? त्यांना हा धडा वाचून दाखवा.