आधी फोनची वही उघड

अगं, काल तू इतकी खुशीत होतीस की मला मध्ये बोलवेना. महिन्याला १०,००० डॉलरच्या जाहिराती, त्याही फुकट! गूगल ॲड ग्रँट्स ही योजना तशी २००३पासून आहे. शाळा, इस्पितळं, सरकारी खाती यांना ती मिळत नाही. तुमच्यासारख्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थांना मिळते. पण हातात एक पै येत नाही, हे विश्वस्तांना आजच सांगून टाक, नाहीतर कोणीतरी त्यातून गाडी घ्यायची म्हणेल. मिळते ती गूगल सर्चच्या पानावरची जागा, तीही नुसत्या मजकुराची. महिनाअखेरीला वापरायचं राहिलं ते गेलं.

आता माझी फजिती ऐक. आमचं काम स्मृतिभ्रंश झालेल्या आजी-आजोबांच्या घरच्यांना आधार देण्याचं. मी वार्षिक अहवालातले भारदस्त शब्दच कीवर्ड म्हणून, म्हणजे ज्या शोधावर जाहिरात दिसावी ते शब्द म्हणून, घातले: 'ज्येष्ठ नागरिक सेवा', 'वृद्ध कल्याण'. एकाच शब्दाचा कीवर्ड चालत नाही, तेवढा नियम पाळला म्हणून वर स्वतःवरच खूश! जाहिरात दिसायची भरपूर, क्लिक कोणी करेना. शंभरदा दिसली तर पाच क्लिक तरी हवेत. लागोपाठ दोन महिने ५ टक्क्यांच्या खाली राहिलं की खातं तात्पुरतं बंद होतं. आमचं झालंच.

मग सर्च टर्म्सचा रिपोर्ट उघडला. लोक शोधत होते ज्येष्ठांसाठी एफडीचे व्याजदर, रेल्वेची सवलत. त्यांना आमच्याशी काय करायचंय? ते शब्द निगेटिव्ह कीवर्डच्या, म्हणजे ज्यांवर जाहिरात दिसूच नये अशा शब्दांच्या, यादीत टाकले, आणि हेल्पलाइनची वही घेऊन बसले. फोन घेणाऱ्या मावशी समोरच्याचं बोलणं जसंच्या तसं टिपून ठेवतात. एका पानावर होतं: 'आई संध्याकाळ झाली की घरी जायचं म्हणते.' स्वतःच्याच घरात बसून गं! त्या लेकीला 'स्मृतिभ्रंश' हा शब्द ठाऊक असेल तर ना ती तो शोधणार.

तेच वाक्य आम्ही घेतलं. इंग्रजी अक्षरांतल्या मराठीतही घातलं, कारण बरेच लोक तसंच टाइप करतात. आणि क्लिक केल्यावर अध्यक्षांच्या मनोगताऐवजी थेट त्या प्रश्नाचं उत्तर आणि खाली फोन नंबर असलेलं पान उघडेल, असं केलं. खातं पुन्हा सुरू झालं, तेव्हापासून मी क्लिकपेक्षा आलेले फोन मोजते.

तुमचं व्यसनमुक्तीचं काम. 'व्यसनमुक्ती जनजागृती' असं रात्री अकरा वाजता कोण शोधतं? 'नवरा दारू सोडत नाही काय करू' हे शोधतात. तेव्हा खातं उघडायची घाई नको. तुमच्या फोनच्या वहीतली शेवटची दहा पानं वाच, नावं-नंबर सोडून फक्त वाक्यं उतरव आणि मला पाठव. रविवारी बसू दोघी.